कोणाला कुठे बसवायचं

माझी पत्नी गेल्यावर तिच्या कपाटात मला एक वही सापडली, आणि त्या वहीने मला सहा महिने शिक्षक केलं. मी मूळचा शिक्षक नव्हे. एका सरकारी कचेरीच्या ग्रंथालयात मी तेहतीस वर्षं पुस्तकं लावली. जे लिहिलेलं आहे ते कुणीतरी विचार करूनच लिहिलं असणार, हा तिथे जडलेला भाबडेपणा निवृत्तीनंतरही गेला नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

चेन्नईत तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती दर शनिवारी तीन ते पाच मराठीचा वर्ग घ्यायची. शेवटच्या वर्षी मुलं पाच होती. चौघांचे आईवडील नोकरीपायी महाराष्ट्रातून इकडे आलेले. पाचवी मुलगी तंजावरी मराठी घरातली. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, आणि तिची ती जुनी, तमिळ हेलाची मराठी ऐकून बाकीचे चौघे, ज्यांना स्वतःला धड दोन वाक्यं येत नव्हती, हसायचे. आपसात सगळ्यांची भाषा तमिळ आणि इंग्रजी.

वर्गाच्या वेळी ती मला घराबाहेर काढायची. "अहो, तुम्ही असलात की मुलांचे पुतळे होतात," असं तिचं म्हणणं. मी पुस्तक घेऊन मरीनावर जायचो आणि सव्वापाचला परतायचो. त्यामुळे माझ्याच घरात इतकी वर्षं चाललेला वर्ग मी एकदाही पाहिला नव्हता.

ती गेल्यानंतर मुलांचे पालक भेटायला आले. त्यांच्यापैकी एकाने फार हळुवारपणे सांगितलं की पुण्याच्या एक बाई ऑनलाइन शिकवतात, मुलांना तिकडे घालू, तुम्ही काळजी करू नका. चार माणसांत मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोललो. वर्ग मी घेईन, म्हणालो. पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. दुःखातल्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं, याचा मी तेव्हा चक्क फायदा घेतला. पोंगलपर्यंत बघू, असं ठरलं. पोंगलच्या आधीच्या शनिवारी सगळे येतील, मुलांना किती येतं ते पाहतील आणि मग वर्ग राहणार की जाणार हे ठरेल. मला तो वर्ग हवा होता. आठवड्याचे बाकीचे सहा दिवस कसेही गेले तरी शनिवारी तीनला पाचजणांनी बेल वाजवावी, याहून मोठी मागणी त्या दिवसांत माझ्याकडे नव्हती.

पहिले दोन शनिवार मी मला येतं तसं शिकवलं. म्हणजे धडा वाचला, अर्थ सांगितला, प्रश्न विचारले. एक मुलगा झोपला. एकाला सहा वेळा बाथरूमला जावं लागलं. तंजावरी मुलगी दोन्ही शनिवार मिळून एक शब्द बोलली, आणि तो 'पाणी' होता. सोमवारी एका मुलीच्या आईचा फोन आला. तुम्हाला दमायला तर होत नाही ना काका, असं तिने विचारलं, आणि त्या 'दमायला'चा अर्थ मला नीट कळला.

त्याच रात्री वही सापडली. बरंचसं किराण्याचं होतं. मधे काही गाण्यांच्या ओळी. पण शेवटच्या पानावर 'शनिवार' असा मथळा होता, त्याखाली पाचही मुलांची नावं, आणि प्रत्येक नावासमोर एक जागा लिहिलेली. एकासमोर झोपाळा. एकासमोर खिडकी. एकासमोर जिना. तंजावरी मुलीसमोर ओटा. आणि जिच्या आईचा फोन आला होता त्या मुलीसमोर फ्रिज. फ्रिजखाली दोन रेघा आणि पुढे उद्गारचिन्ह. माझी बायको उद्गारचिन्हं जपून वापरायची. चाळीस वर्षांत मला लिहिलेल्या पत्रांत मिळून चार असतील.

मी ते पान बराच वेळ पाहत बसलो. तिची पद्धत माझ्या हाती लागली होती.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी माणसाची बुद्धी एक नसते, अनेक प्रकारची असते, असं सांगणारी दोन जाड पुस्तकं ग्रंथालयातून आणली. तिथले लोक मला अजून कार्डाशिवाय पुस्तक देतात. वाचत गेलो तसं पान उलगडत गेलं. झोपाळ्यावरचा मुलगा शरीराने, लयीने शिकणारा. खिडकीतला माणसांत रमणारा. जिन्यावरचा अंतर आणि पायरी यांतून शिकणारा. ओट्यापाशी हाताला काम हवं असणारी. सगळं कसं चपखल बसत होतं. फक्त फ्रिज बसेना. दोन्ही पुस्तकांच्या सूचीत मी फ्रिज शोधला. शेवटी मी असा निष्कर्ष काढला की पुस्तकं अजून तिथवर पोचलेली नाहीत, आणि बायकोबद्दलचा माझा आदर आणखी वाढला.

शनिवारी मुलं आली. मी वही हातात धरून प्रत्येकाला त्याची जागा सांगितली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नक्की?" खिडकीवाल्याने विचारलं.

"काकूंनी लिहून ठेवलंय," मी म्हणालो.

पाचहीजण आपापल्या जागी इतक्या झपाट्याने गेले की वर्गाला शिस्त लागली असं मी त्या संध्याकाळी डायरीत लिहिलं.

मग जे सुरू झालं ते मला अजून आठवलं की एकट्याने हसू येतं. आमच्या हॉलमध्ये घरमालकांच्या वेळेचा पितळी साखळ्यांचा झोपाळा आहे, इकडे त्याला ऊंजल म्हणतात. ज्या मुलाला बसवून बेचा पाढा पुरा होत नव्हता, तो झोका पुढे जाताना 'सात त्रिक' आणि मागे येताना 'एकवीस' म्हणू लागला. झोका मोठा झाला की पाढा भरधाव. झोका मंदावला की त्याचा आवाजही पेंगायचा, आणि झोका थांबला की जिथे असेल तिथे पाढाही थांबायचा, मग कुणीतरी त्याला ढकलायचं. एकोणिसाच्या पाढ्याला आम्ही दोघं ढकलायला लागायचो.

खिडकीवाला खालच्या गल्लीत काय चाललंय ते मराठीत सांगायचा. सामन्याचं धावतं वर्णन करावं तसं. इस्त्रीवाल्याने शर्ट उचलला आहे, इस्त्रीवाला कोळसा फुंकतो आहे, एक म्हैस येते आहे, इस्त्रीवाला म्हशीकडे बघतो आहे, म्हैस इस्त्रीवाल्याकडे बघते आहे. शब्द अडला की तो मागे वळून विचारायचा आणि म्हैस थांबणार नाही या घाईने लगेच लक्षात ठेवायचा. महिन्याभरात इस्त्रीवाल्यालाही चार शब्द आले. मी खाली उतरलो की तो मला तमिळ उच्चारात 'या, बसा' म्हणतो. बसायला तिथे काही नाही.

जिन्यावरच्यासाठी मी पायऱ्यांवर खडूने अक्षरं लिहिली. मी शब्द सांगायचो आणि तो त्या त्या अक्षरावर उड्या मारत तो शब्द करायचा. 'कमळ'पर्यंत ठीक होतं. 'ज्ञ' तळमजल्यावर होता, तेव्हा ज्ञानाचा शब्द आला की तो दोन मजले खाली जाऊन धापा टाकत परत यायचा. जिना झाडणाऱ्या बाईंना वाटलं, हे उत्तरेकडचं काहीतरी कोलम आहे. दारातली रांगोळी कुणी झाडत नाही, म्हणून त्या आठवडाभर अक्षरांच्या कडेने जपून झाडत राहिल्या आणि अक्षरांच्या पोटात धूळ साचली. मग सोसायटीचे सेक्रेटरी आले. जिना सगळ्यांचा आहे सार, म्हणाले. मुलाने त्यांना तमिळमध्ये सांगितलं की तुम्ही 'ध'वर उभे आहात. त्यांनी खाली पाहिलं, विचारलं आणि पुढच्या पायरीवर 'द' आहे हेही विचारून घेतलं. ते पहिल्या मजल्यावर राहतात. त्यामुळे त्यांना आज मराठीची खालची अर्धी मुळाक्षरं येतात, वरची येत नाहीत.

ओट्यापाशी मात्र मीच विद्यार्थी झालो. मला चहापलीकडे काही येत नाही. तंजावरी मुलगी ओट्यावर चढून बसायची आणि मला तिच्या आजीच्या डांगर पचडीची कृती हुकूम देत शिकवायची. भाजलेल्या उडदाचं पीठ, दही, मिरची, हिंग. पीठ असं नाही ढवळायचं, तसं ढवळायचं. गुठळ्या माझ्याच होत होत्या, त्यामुळे तिच्या आवाजात हळूहळू अधिकार आला. वर्गात जी तोंड उघडत नव्हती ती मला ओरडू लागली, आणि तेही अस्खलित, आजीच्या काळच्या मराठीत. शेवटी पचडी कोणाला किती द्यायची हे तिच्या हाती असायचं. तिच्या बोलण्याला हसणं तेव्हापासून बंद झालं.

आणि फ्रिज. ती मुलगी फ्रिजला पाठ टेकून बसायची. पहिल्या दिवशी दहा मिनिटं ती नुसती बसून राहिली, मग म्हणाली, "काका, हा सा आहे." ती गाणं शिकते. इथली बरीच मुलं शिकतात. फ्रिज चालू असताना जो घूं आवाज येतो त्यावर तिने सूर लावला आणि धड्यातलं पहिलं वाक्य त्या सुरात वाचलं. मग दुसरं. जी मुलगी अक्षर लावून लावून एक ओळ वाचायला पाच मिनिटं घ्यायची, ती फ्रिजच्या सुरावर अख्खं पान वाचू लागली. वेलांट्या, उकार, सगळं जागच्या जागी. अडचण एकच होती. फ्रिज मधेच बंद पडायचा आणि तीही वाक्याच्या मध्यावर थांबायची. त्यावर उपाय तिनेच सांगितला. दार थोडा वेळ उघडं ठेवलं की फ्रिज पुन्हा सुरू होतो. म्हणून मी दर दहा मिनिटांनी उठून फ्रिजचं दार तिच्यासाठी उघडत असे आणि उघडं ठेवून बाकीच्या मुलांकडे चक्कर मारून येत असे.

त्या काळात आमच्या घरी बर्फ होईना. शनिवारी संध्याकाळी बर्फाचा ट्रे रिकामा. मी मेकॅनिक बोलावला. फ्रिज उत्तम आहे, असं तो म्हणाला, आणि मला त्याच्या बुद्धीच्या प्रकाराविषयी शंका आली.

मार्गळी, म्हणजे इकडचा डिसेंबर-जानेवारीतला महिना, आला. या गावात त्या महिन्यात ज्याला गळा आहे तो गातो. फ्रिजवाल्या मुलीची एक स्पर्धा होती आणि ती पोंगलच्या आधीच्या रविवारी होती. म्हणजे पालक ज्या शनिवारी निर्णय घ्यायला येणार होते त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या शनिवारी पालकांना पाचला बोलावलं होतं. साडेचारला बेल वाजली. दारात तिची आई एकटीच उभी होती. ती सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि एरवी अतिशय मऊ बोलते.

"काका, हिचा आवाज बसलाय," ती म्हणाली. "आणि ही सांगते की ती दर शनिवारी तुमच्या फ्रिजपाशी बसते."

मी अभिमानाने हो म्हणालो. माझ्या पत्नीने ते मुद्दाम लिहून ठेवलं होतं, हेही सांगितलं.

"काका, काकूंना मीच सांगितलं होतं. हिला फ्रिजच्या आसपास फिरकू देऊ नका, ही बर्फ खाते. त्यांनी माझ्यासमोर वहीत लिहून घेतलं होतं. मी दोन रेघा मारायला लावल्या होत्या."

मी आत जाऊन वही आणली. तेच पान. शनिवार, पाच नावं, पाच जागा. मग मान वर केली. पाचही मुलं आपापल्या जागी बसून जमिनीकडे बघत होती. झोपाळासुद्धा हलत नव्हता.

एकेकाला विचारलं तेव्हा कळलं. झोपाळ्यावरचा गेल्या वर्षी झोपाळ्यावरून पडला होता. त्याने हनुवटी वर करून टाक्यांची खूण दाखवली. खिडकीवाला इस्त्रीवाल्याच्या धुतलेल्या कपड्यांवर खोडरबर टाकायचा. जिन्यावरचा वर्ग सुरू असताना निसटून घरी जायचा, दोनदा गेला होता. ओट्यावरचीने गॅसची सगळी बटणं एकदम फिरवली होती. ते पान म्हणजे कोणाला कुठे अजिबात जाऊ द्यायचं नाही, याची यादी होती. मी सहा महिने प्रत्येक मुलाला नेमून, बसवून, काही वेळा ढकलून, ज्या एका जागेपासून तिने त्याला लांब ठेवलं होतं तिथेच पोचवत होतो.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

तंजावरी मुलगी ओट्यावरून उतरली आणि हळूच म्हणाली, "तुम्ही म्हटलं काकूंनी लिहिलंय. आम्हाला वाटलं, जाताना काकूंनी आम्हाला माफ केलं."

पहिल्यांदा वाटलं, आता रडू येणार, आणि पालकांसमोर येणार. पण जे आलं ते हसू होतं. सहा महिने मी तिच्या बरोब्बर उलट वागत होतो आणि ती मला काही म्हणाली नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात असं एकदाही झालेलं नव्हतं. हे मनात आलं आणि मी इतका हसलो की चष्मा काढावा लागला. मुलांना आधी कळेना, मग त्यांनीही सुरुवात केली. झोपाळ्यावरचा हसला तसा झोपाळा हलला आणि सवयीने त्याच्या तोंडून 'सोळा पंचे ऐंशी' निघालं. आवाज बसलेली मुलगी हसताना बदकासारखा आवाज करत होती. तिची आई कठोर चेहऱ्याने उभी राहायचा प्रयत्न करत होती. तिला तो जमला नाही.

पाचला बाकीचे पालक आले, तेव्हा आम्ही सातजण डोळे पुसत होतो. ती बाकीच्यांसाठी काही चांगली सुरुवात नव्हती. मी त्यांना सगळं सांगितलं, फ्रिजचं दार मीच उघडत होतो हेसुद्धा. लपवून वर्ग टिकवता आला असता की नाही, कोण जाणे. पण त्या क्षणी मला लपवण्याइतकं गंभीर होता येईना.

पालकांनी मुलांना ऐकलं. पाढे झाले, एकोणिसासकट. फ्रिजवालीने बसक्या आवाजात एक पान वाचलं. खिडकीवाल्याचं बोलणं झकास झालं. त्याची वही मात्र त्याच्या वडिलांनी उघडली आणि मिटली. त्याचं लिहिणं जुलैत होतं तसंच होतं. ते मला दिसलंच नव्हतं, कारण मी त्याला लिहायला बसवलंच नव्हतं. जागा देऊन टाकली की माझं काम झालं, असं मी धरून चाललो होतो. ते चुकलं, मी म्हणालो. तो आता खिडकीतून जे बघतो ते लिहूनही काढेल. त्याचे वडील पुण्याच्या बाईंच्या बाजूने होते. मुलांना शिस्त हवी, हा काय खेळ आहे, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही.

सगळे फ्रिजवालीच्या आईकडे बघू लागले. तिचं नुकसान सगळ्यात मोठं होतं. उद्या स्पर्धा होती. तिने मुलीला पुन्हा एकदा वाचायला सांगितलं, या वेळी फ्रिजपासून दूर, खुर्चीवर बसून. मुलगी दुसऱ्याच शब्दाला अडली. मग आई म्हणाली की बस फ्रिजपाशी. मुलगी बसली आणि सरळ वाचत गेली.

"फ्रिजला कुलूप लावा काका," आई म्हणाली. "आणि हिला तिथेच बसवा."

मग फार चर्चा झाली नाही. खिडकीवाल्याच्या वडिलांनी जूनपर्यंतची मुदत दिली. रविवारी मुलगी गायली. आवाज खरखरीत होता, बक्षीस मिळालं नाही. तिचं फारसं काही बिघडलेलं मला दिसलं नाही. घशासाठी आईने बरोबर दिलेल्या गरम पाण्याच्या थर्मासची मात्र तिला चीड आली होती.

पोंगलनंतर पुढच्या गल्लीतली एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. वर्ग चांगला चालतो असं तिला जिना झाडणाऱ्या बाईंकडून कळलं होतं. या मुलीसाठी कोणत्याही वहीत काही लिहिलेलं नव्हतं. मी घसा साफ करून विचारलं, घरी हिला कुठे जायची बंदी आहे? आई गोंधळली. तशी कुठे नाही, म्हणाली, खूप शहाणी आहे. मी थोडं आणखी विचारलं. तिला ही प्रवेशाची मुलाखत वाटली आणि ती मुलीचे गुण सांगू लागली. मोजता येतं, रंग येतात, श्लोक येतात. मुलगी खोलीत नव्हतीच.

ती बाहेर दाराशी चपलांच्या ढिगात बसली होती. पाच मुलांच्या चपला तिने विस्कटून लहानमोठ्या क्रमाने भिंतीला लावायला घेतल्या होत्या. आई धावली. चपलांना हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलं, असं तमिळमध्ये एका दमात म्हणाली आणि तिचा दंड धरला.

राहू दे, मी म्हणालो. पाटी घेतली आणि उंबऱ्यावर बसलो. माझी चप्पल तिने ओळीत सगळ्यांत शेवटी ठेवली होती. का, ते मला मराठीत सांग, असं मी तिला म्हटलं. तिने चपलेकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे, आणि विचार करू लागली.